उघड्यावर नाचायचंय? आमच्या हौशी लोकनृत्य गटाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा गट हौशी आहे. कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी दवाखान्याच्या काउंटरवर, काही जणी निवृत्त. मंगळागौरीचे खेळ, लेझीम आणि कोळीनृत्य हे तीन प्रकार आम्ही करतो, तेही बहुतेक वेळा उघड्यावर: गणपतीच्या मंडपाशेजारी, सोसायटीच्या पटांगणात, पाडव्याच्या शोभायात्रेत, कधी कोळीवाड्याच्या महोत्सवात. नव्याने येणारे, त्यांच्या घरचे आणि कार्यक्रम ठरवणारी मंडळं, सगळेच साधारण तेच विचारतात. प्रत्येकाला फोनवर सांगून घसा बसतो, म्हणून इथे लिहून ठेवलं आहे.

मला नाच येत नाही. तरी येऊ का?

या. टाळी ठेक्यात पडते का आणि शेजारणीकडे बघून हात उचलता येतो का, एवढंच आम्ही बघतो. उलट कथक-भरतनाट्यम शिकलेल्यांना सुरुवातीला जड जातं. त्यांचा अर्धा नाच चेहऱ्यात आणि बोटांत असतो. मैदानात तिसाव्या फुटावर बसलेल्या आजोबांना तुमची बोटं दिसत नाहीत, कोपर आणि गुडघा दिसतो. शिवाय लेझमीत कोणी एकाने सुंदर दिसायचं नसतं, सगळ्यांनी सारखं दिसायचं असतं. हे पचायला काही जणांना वर्ष लागतं.

वयाची अट?

वरची नाही. खाली सोळा. लहान मुलांचे कार्यक्रम आम्ही घेत नाही, कारण गर्दीत, रात्री, दुसऱ्याची मुलं सांभाळणं हे नाचापेक्षा मोठं काम आहे.

पन्नाशी उलटलीय, गुडघे कुरकुरतात. मंगळागौर जमेल का?

जमेल, पण सगळे खेळ सगळ्यांनी करायचे नसतात. बस फुगडी आणि कोंबडा हे दोन खेळ उकिडवं बसून, गुडघ्यावर सगळा भार घेऊन होतात. चाळिशीनंतर ते सवय असलेल्यांनीच करावेत, आणि लाकडी फळ्यांच्या स्टेजवर तर दोनदा विचार करून. सूप नाचवणं, घागर फुंकणं, झिम्मा, करवंटी झिम्मा, टिपऱ्या, सासू-सुनेचं लटकं भांडण यांत गुडघ्याला फारसं काम नाही आणि प्रेक्षकांना हेच जास्त आवडतं. भांडणात हशा पिकवणारी बाई गटाला फुगडी घालणाऱ्या चौघींइतकी मोलाची असते.

साध्या फुगडीबद्दल नव्या मुलींना एक गोष्ट आम्ही पहिल्या दिवशी सांगतो: पकड मनगटाला घाला, बोटांना नको. हात फुलीसारखे एकमेकींवर, पावलं जोडीदारणीच्या पावलांना लागून, कोपरं सरळ, आणि वजन मागे. वेग वाढला की शरीर बाहेर फेकलं जातं, ते तुमच्या मनगटांनीच धरलेलं असतं. म्हणून दोघींच्या वजनात फार फरक नको; जड बाई जागेवर राहते आणि हलकी बाई भेलकांडते. थांबताना एकदम हात सोडायचे नाहीत, वेग कमी करत उभं राहायचं. आणि काचेच्या बांगड्या घालायच्या नाहीत. घरच्या मंगळागौरीत चालतात, स्टेजवर एक फुटली की पुढचे सगळे खेळ अनवाणी पायांनी काचांवर होतात. धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या हिरव्या बांगड्या दादरला कुठेही मिळतात, लांबून फरक कळत नाही.

मंगळागौर श्रावणातली, नव्या नवरीची. तुम्ही भाद्रपदात गणपतीपुढे कशी काय करता?

हा प्रश्न आम्हाला सहसा पहिल्या रांगेतल्या काकू विचारतात आणि त्यांचं बरोबर आहे. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं, श्रावणातल्या मंगळवारी सकाळी गौरीची पूजा आणि रात्री जागरण, असा हा प्रकार आहे. जागरणात झोप येऊ नये म्हणून खेळ. पूजा आम्ही स्टेजवर नेत नाही, खेळ नेतो. दोन खोल्यांच्या घरात वीस बायकांनी रात्रभर फुगड्या घालणं आता खालच्या मजल्यावरच्यांना चालत नाही. त्यामुळे खेळ हॉलमध्ये आले, स्पर्धांमध्ये गेले, तिथून मंडळांच्या स्टेजवर. ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी आम्ही वाद घालत नाही. त्यांना एखादं जुनं गाणं येत असेल तर ते लिहून घेतो. असं बरंच काही मिळालंय.

गणपतीपुढे नाचगाणं कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी मात्र एक आठवण करून देतो. मुंबईत गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, आणि उत्सवाच्या सुरुवातीच्या काळातच मेळे आले. चाळीतली, वस्तीतली पोरं एकसारखा पोशाख करून, पदं बसवून, या गणपतीहून त्या गणपतीला जात. हौशी मंडळींनी उघड्यावर सादर करणं ही त्या उत्सवातली जुनीच गोष्ट आहे.

हॉलमध्ये छान बसलेला नाच बाहेर का फसतो?

कारण तो हॉलसाठी बसवलेला असतो. आमच्या गटात सगळ्यात जास्त बोलणं याच विषयावर होतं.

नाट्यगृहात अंधार असतो, पडदा असतो, लोक तिकीट काढून तुमच्याकडेच बघायला आलेले असतात. मंडळाच्या स्टेजपुढे लोक येत-जात असतात. एका बाजूला दर्शनाची रांग, दुसऱ्या बाजूला भेळवाला, मध्ये खुर्च्यांवर म्हातारी मंडळी आणि अगदी पुढे सतरंजीवर पोरं. सुरुवातीला दीड मिनिट शांत आलाप आणि दिव्याचं तबक घेऊन संथ प्रवेश ठेवलात, तर आलाप संपेपर्यंत निम्मे लोक फोनवर बोलायला लागलेले असतात. बाहेर पहिल्या वीस सेकंदांत टाळी, हाक किंवा लेझमीचा खणखणाट हवा. शांत गोष्ट मधे घाला, लोक एकदा वळल्यावर.

दुसरं, जागा. मंडळ फोनवर “मोठं स्टेज आहे” म्हणतं. प्रत्यक्षात वीस बाय सोळा फूट, त्यातही मागे बॅनर, डाव्या कोपऱ्यात समई, उजवीकडे पोडियम आणि पाहुण्यांचा सोफा. तो सोफा हलत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक नाच दोन आकारांत बसवतो: सोळा जणांचा आणि आठ जणांचा. बाकीचे आठ जण खाली, स्टेजच्या दोन्ही बाजूंना. ही खालची रांग बऱ्याचदा वरच्यांपेक्षा जास्त टाळ्या घेते, कारण ती लोकांच्या जवळ असते.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, वेळ. पत्रिकेवर साडेसात लिहिलेलं असतं. आरती लांबते, नगरसेवक उशिरा येतात, मग शाल-श्रीफळ, मग देणगीदारांची नावं, मग दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव. तुमचा नंबर सव्वानऊला लागतो आणि सूत्रसंचालक कानात सांगतो, “ताई, पाच मिनिटांत आवरा.” रागावून उपयोग नाही, कारण दहाला आवाज बंद होणारच आहे. म्हणून आमच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या तीन आवृत्त्या तयार असतात, बारा मिनिटांची, सात मिनिटांची आणि चार मिनिटांची, तिन्हींचे ट्रॅक वेगळे, तिन्हींची तालीम झालेली. चार मिनिटांची आवृत्ती म्हणजे बारा मिनिटांतली पहिली चार मिनिटं नव्हे. तिला स्वतःची सुरुवात आणि स्वतःचा शेवट असतो. नव्या नृत्यदिग्दर्शकांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. आपण बसवलेलं कापायला कोणाला आवडेल? पण उघड्यावर कापता येईल असा नाच बसवणं हेच खरं कौशल्य आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्टेजवर चढण्याआधी काय तपासायचं?

अनवाणी एक फेरी मारायची. फळ्यांच्या फटीत पायाचं बोट जातंय का, मॅटिंगला सुरकुती आहे का, खिळा वर आलाय का, वायर कुठून गेलीय. वायरवर चिकटपट्टी मारायला मंडळाच्या पोरांना सांगितलं की ती आनंदाने मारतात, फक्त सांगावं लागतं. चार जणांनी एकदम उडी मारून बघायची. स्टेज झुललं तर उड्या कमी. पायऱ्या एकाच बाजूला असतील तर प्रवेश-निर्गमन बदलायचं, आणि हे सगळ्यांना सांगायचं. एकीला सांगायचं राहिलं की तीच समोरून येऊन धडकते.

आवाजाची काय व्यवस्था ठेवता?

ट्रॅक दोन पेन ड्राइव्हवर आणि एका फोनवर. तो फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर ऐन फुगडीत कोणाच्या तरी नणंदेचा रिंगटोन मैदानभर वाजतो. आमचा एक माणूस कार्यक्रम संपेपर्यंत साउंडवाल्याच्या शेजारी उभा राहतो. त्याचं काम एकच, पुढचा ट्रॅक कोणता ते बोटाने दाखवणं. साउंडवाल्याला “दादा, एक स्पीकर आमच्याकडे वळवा” एवढं नक्की सांगा. सगळे स्पीकर लोकांकडे तोंड करून असतात आणि नाचणाऱ्यांना फक्त धपधप ऐकू येते, शब्द नाही.

रात्री किती वाजेपर्यंत करता येतं?

दहा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्री बारापर्यंत सवलत देऊ शकतं. ते दिवस दरवर्षी जाहीर होतात, त्यात गणेशोत्सवाचे काही आणि नवरात्रातले काही असतात. तुमचा कार्यक्रम त्याच दिवशी आहे का, हे मंडळाकडून पक्कं करून घ्या. “चालतं हो” यावर जाऊ नका. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. रुग्णालयं, शाळा आणि न्यायालयं यांच्या भोवतीचं शंभर मीटरपर्यंतचं क्षेत्र शांतता क्षेत्र ठरू शकतं. दादरचं शिवाजी पार्कही २०१० मध्ये उच्च न्यायालयाने शांतता क्षेत्र ठरवलं होतं. तेव्हा “आपलंच तर मैदान आहे” असं म्हणून कुठेही स्पीकर लावता येत नाही.

मंडपाची परवानगी महापालिकेची, ध्वनिक्षेपकाची पोलिसांची. दोन्ही आयोजकांनी काढायच्या. आम्ही फक्त विचारतो, काढल्या आहेत का.

चित्रपटातली गाणी वापरता का? परवाना लागतो का?

आम्ही शक्यतो गाणी स्वतः म्हणतो किंवा पारंपरिक गाणी घेतो. मंगळागौरीची गाणी कोणा एकाच्या मालकीची नाहीत, आणि जात्यावरच्या ओव्याही. गटात पेटी आणि ढोलकी वाजवणारे आहेत, त्याचा उपयोग होतो.

कायद्याचं थोडं समजून घ्या, कारण यात सगळ्यांचा गोंधळ असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५२ वं कलम हौशी मंडळाला सवलत देतं: प्रेक्षकांकडून पैसे घेतलेले नसतील, किंवा कार्यक्रम धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी असेल, तर एखादं गीत वा संगीतरचना सादर केल्याने हक्कभंग होत नाही. पण ही सवलत रचना सादर करण्याची आहे. बाजारातलं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावणं ही वेगळी गोष्ट. खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभाला आणि सरकारी समारंभाला त्यातही सूट आहे. सोसायटीचं स्नेहसंमेलन किंवा प्रायोजकांच्या फलकांनी भरलेला महोत्सव त्यात बसेल असं गृहीत धरू नका. तिथे परवाना आयोजकाने घ्यायचा असतो आणि आम्ही ते ठरवतानाच लिहून मागतो. सादरीकरण चालून गेलं तरी तोच व्हिडिओ इंटरनेटवर टाकला की गाण्याच्या मालकाचा आक्षेप येऊ शकतो आणि आवाज बंद होतो. तेव्हा रडत यायचं नाही.

शोभायात्रेत लेझीम आणि स्टेजवरची लेझीम यात फरक काय?

पाय सारखे, डोकं वेगळं. डोंबिवलीत १९९९ मध्ये नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली आणि मग मुंबई-ठाण्यात जागोजागी पसरली. गिरगावची यात्रा फडके गणपती मंदिरापासून निघते आणि तिथली गर्दी बघितली नसेल तर एकदा नुसती बघायला जा, नाचायला नंतर.

रस्त्यावर मुख्य अडचण आवाजाच्या अंतराची असते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. हलगी रांगेच्या एका टोकाला असेल आणि तुम्ही पस्तीस मीटर लांब असाल, तर ठोका तुमच्यापर्यंत सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा येतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण जलद लेझमीत दोन ठोक्यांमधलं अंतरच अर्धा सेकंद असतं. प्रत्येक जण आपल्या कानाशी प्रामाणिक राहिला की पुढची रांग आणि मागची रांग वेगळी वाजते आणि खणखणाटाची खिचडी होते. उपाय दोन. वाजवणारे टोकाला न ठेवता मधोमध ठेवायचे. आणि मोजणी कानाने न घेता डोळ्याने घ्यायची: प्रत्येक रांगेने पुढच्या रांगेचे हात बघायचे, सगळ्यात पुढच्यांनी शिट्टीवाल्याचे. शेजारच्या ढोल-ताशा पथकाने सुरुवात केली तर आपली हलगी ऐकूच येत नाही. तेव्हा लेझीम खांद्यावर घेऊन नुसतं चालायचं. दोन पथकं एकमेकांवर वाजवायला लागली की कोणाचंच काही उरत नाही.

पाडवा मार्च-एप्रिलमध्ये येतो. यात्रा सकाळी निघाली तरी दहानंतर डांबर तापतं. स्टेजवर आम्ही अनवाणी असतो, यात्रेत कोल्हापुरी चपला किंवा साधे बूट. नव्या चपला त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. पाण्याबरोबर मीठ-साखर किंवा ओआरएस ठेवतो, कारण मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि किती गेला ते कळत नाही. चक्कर आली तर “जरा थांबते” म्हणून बाजूला होणाऱ्या बाईचं आमच्याकडे कौतुक होतं.

नऊवारी नेसलेली की शिवलेली?

सुमारे सव्वाआठ मीटरचं लुगडं पटकन आणि पक्कं नेसवणाऱ्या दोघी गटात आहेत. पण सोळा जणींना नेसवायला दोन तास जातात आणि बाहेर तेवढी जागाही नसते, वेळही. त्यामुळे उघड्यावर शिवलेली. आत गुडघ्याखालपर्यंतची लेगिंग सक्तीची. कासोटा कितीही घट्ट असला तरी फुगडीत काय होईल याचा नेम नाही. नेसलेल्या साडीची चाल वेगळी आणि जास्त देखणी, हे मान्यच आहे. हॉलच्या कार्यक्रमाला आम्ही हट्टाने नेसतो.

ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणतो. गणपतीत आणि फेब्रुवारीतल्या मराठी भाषा गौरव दिनाच्या आठवड्यात सगळं आधीच बुक असतं, तेव्हा महिनाभर आधी सांगावं लागतं. चापाची नथ, खोटा अंबाडा, गजरा. अंबाड्याला पिना जितक्या लागतील असं वाटतं त्याच्या दुप्पट. मेकअप हलका आणि पाण्याने न उतरणारा, बाकी मर्जी तुमची.

कपडे कुठे बदलायचे? आणि, म्हणजे, बाथरूम?

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो आणि कुजबुजत विचारला जातो, म्हणून स्पष्ट लिहिते. कार्यक्रम स्वीकारतानाच आम्ही मंडळाला विचारतो: आतून कडी असलेली खोली आणि स्वच्छ स्वच्छतागृह आहे का? सोसायटीचं ऑफिस, शाळेचा वर्ग, तळमजल्यावरच्या कोणाचं घर, काहीही चालतं. चाळीत तर अर्धी चाळ आपलं दार उघडून बसते. कनात लावून देतो म्हणाले तर आम्ही घरूनच तयार होऊन येतो आणि कार्यक्रम छोटा ठेवतो. स्वच्छतागृह नसलं तर बायका दुपारपासून पाणी पिणं बंद करतात, आणि मग उन्हात, दमट हवेत नाचताना चक्कर येते. हे नाजूकपणाचं नाही, तब्येतीचं प्रकरण आहे. सोय नसेल तर आम्ही नाही म्हणतो.

पुरुषांना घेता का?

घेतो आणि नेहमीच कमी पडतात. लेझमीत आणि कोळीनृत्यात हवेतच. मंगळागौरीत ढोलकीवर बसा, सासूच्या भांडणात मधे सापडलेला नवरा करा. तो एक वाक्य बोलतो आणि सगळ्यात मोठा हशा घेतो.

कोळीनृत्य कोळीवाड्यात करायची भीती वाटते.

वाटायलाच हवी. इतर कुठे चाललेलं तिथे चालत नाही. समोर बसलेल्या माणसांनी खरोखर वल्हं मारलेलं असतं, जाळं फेकलेलं असतं. वल्हं मारताना ओढ खांद्यातून आणि कमरेतून येते, मनगटातून नाही. जाळं फेकताना आधी ते हातावर गोळा होतं, मग अंग वळतं, मग ते उलगडतं. आपण शाळेत शिकलेलं वरवरचं हात हलवणं केलं की पहिल्या रांगेतल्या मावशी तोंडाला पदर लावून हसतात. आम्ही तिथल्याच एका जाणत्या बाईंना आधी तालीम दाखवतो आणि त्या सांगतील ते बदलतो. लुगडं आणि फडकी कशी घ्यायची, पुरुषांचा सुरका कसा बांधायचा, हेही त्यांच्याकडूनच. दारूच्या बाटलीचा अभिनय, चाळे, कोळणीला नुसती भांडकुदळ दाखवणं, हे आमच्याकडे बंद आहे, कुठेही. आणि कार्यक्रमाच्या शेवटी बेंजो सुरू झाला, लोक उठून नाचायला लागले, की आपण बाजूला होऊन त्यांच्या मागे नाचायचं. तिथे पाहुणे आपण आहोत.

कोणी स्टेजवर चढून नाचायला लागलं, किंवा शेरेबाजी केली तर?

लहान मुलं चढली तर चालवून घेतो, फुगडीच्या घेरापासून लांब ठेवतो. मोठं कोणी चढलं किंवा नोटा उधळल्या, तर साउंडवाल्याजवळचा आमचा माणूस संगीत थांबवतो. सूत्रसंचालक विनंती करतो. दुसऱ्यांदा तसंच झालं तर आम्ही नमस्कार करून उतरतो. हे मंडळाला आधी सांगितलेलं असतं. शिट्ट्या मात्र चालतात. लेझमीला शिट्टी नाही पडली तर काय मजा.

नाचताना चुकले तर?

पुढच्या आठाच्या मोजणीला सगळ्यांबरोबर सुरू करा. जीभ बाहेर काढू नका, शेजारणीकडे बघून हसू नका. लोकांना चूक कळत नाही, तुमचा चेहरा कळतो.

लेझीम लोकलमधून कशा नेता?

गोणपाटाच्या पिशवीत, चकत्यांमध्ये जुने रुमाल गुंडाळून, लगेजच्या डब्यातून. रुमालाशिवाय नेल्या तर प्रत्येक स्टेशनवर डब्याला आरती ऐकू येते. रविवारी मेगाब्लॉक असतो, तेव्हा आदल्या दिवशी कोणत्या लाइनवर आहे ते बघून घ्या आणि तासभर आधी निघा. विसर्जनाच्या दिवशी आम्ही कार्यक्रम घेत नाही. कुठे अडकू सांगता येत नाही.

तालीम कुठे असते? शेजारी तक्रार करत नाहीत का?

करतात. गच्चीवर फुगडी म्हणजे खालच्या घरात भूकंप. म्हणून तालीम शाळेच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी. महिन्यातून एकदा मुद्दाम उघड्यावर, खडबडीत जमिनीवर, आरशाशिवाय करतो. आरशाची सवय लागलेल्याला मैदानात समोर आरसा नसला की दिशा सुचत नाही.

पाऊस आला तर?

गणपतीत येतोच. मुंबईतून पाऊस साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत परततो, आणि गणेशोत्सव त्याआधीच येतो. वर छत असेल आणि स्टेज कोरडं असेल तर थांबून करतो. मॅटिंग ओलं झालं असेल तर फुगडी आणि उड्या रद्द, फक्त झिम्मा, सूप आणि गाणी. पाणी साचलेल्या जागेतून वीज गेलेली दिसली तर कार्यक्रमच रद्द, कोणी कितीही आग्रह केला तरी. प्रेक्षक छत्र्या उघडून बसले असतील तर मन मोडवत नाही हे खरं. अशा वेळी आम्ही खाली उतरून, ध्वनिक्षेपकाशिवाय, दोन गाणी टाळ्यांवर म्हणतो.

मानधन किती घेता?

हौशी म्हणजे फुकट असं नाही. नेण्या-आणण्याचा खर्च, ड्रेपरीचं भाडं आणि चहापाणी इतकं मंडळाने द्यावं, त्यावर नारळ आणि पाकीट तुमच्या ऐपतीने. आलेले पैसे गटाच्या खात्यात जातात आणि हिशेब सगळ्यांना दिसतो. वृद्धाश्रमात आणि महापालिकेच्या शाळांत काहीच घेत नाही. मोठ्या प्रायोजकांचा महोत्सव असेल आणि “तुम्हाला प्रसिद्धी मिळेल” असं म्हणत असतील, तर प्रसिद्धी आम्ही घेत नाही. रोख किंवा बँकेत.

फोटो आणि रील टाकू का?

स्वतःचे टाका. दुसरीचा चेहरा असेल तर तिला विचारा. काही जणींच्या ऑफिसात किंवा सासरी माहीत नसतं आणि तो त्यांचा प्रश्न आहे. कपडे बदलण्याच्या खोलीत फोन पिशवीत. प्रेक्षक शूटिंग करतात ते आपण थांबवू शकत नाही, म्हणूनच लेगिंगबद्दल एवढा आग्रह.

आमच्या मंडळाला तुमचा कार्यक्रम हवाय. काय कळवू?

स्टेजची लांबी-रुंदी फुटांत, फोटोसह, आणि सोफा काढता येतो का. पायऱ्या किती बाजूंनी. आमच्या आधी कोणते सत्कार आणि भाषणं आहेत, खरी यादी. ध्वनिक्षेपक किती वाजता बंद होणार. खोली आणि स्वच्छतागृह. जवळचं स्टेशन कोणतं आणि तिथून चालत किती. मध्ये संवाद असलेला प्रवेश हवा असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागेल का, ते तुमच्या पोलीस ठाण्यात आधी विचारून ठेवा. ऐनवेळी कागद मागितला तर आम्ही तो प्रवेश गाळतो. पंधरा दिवस आधी कळवलं तर बरं, गणपतीसाठी श्रावण लागण्याआधी. जेवण देणार असाल तर कार्यक्रमानंतर द्या. बटाटेवडे खाऊन फुगडी घालता येत नाही.